‘साकु’ म्हणता येणे

सीमाभागातल्या घरांना एकेका गोष्टीसाठी दोन-दोन शब्द मिळतात. पंगतीत वाढणारा समोर आला की मराठीकडचे पाहुणे पानावर हात आडवा धरून ‘पुरे, पुरे’ म्हणतात आणि कन्नडकडचे ‘साकरी, साकु’ म्हणतात. वाढणाऱ्याला दोन्ही भाषा चांगल्या समजत असतात, तरी तो एक होळिगे पानात टाकूनच पुढे सरकतो. आग्रह ही आपल्याकडची रीतच आहे. पण मुरलेला वाढपी ‘साकु’ नीट ऐकतो. पोट भरल्याचे साकु कुठले, लाजेचे कुठले, आणि ‘आणखी एक चालेल, पण तुम्ही आग्रह करा’ असे सुचवणारे कुठले, हे त्याला आवाजावरून कळते.

या शब्दाचा विचार करायला लावला माझ्या नातवाने. तो इंजिनिअरिंगला आहे. परवा सुट्टीत घरी आला होता. सकाळी पेपर चाळता चाळता म्हणाला, ‘आजी, आणखी वीस-तीस वर्षांनी सगळी कामं यंत्रंच करणार. शेती, शिलाई, गाड्या चालवणं, दुखणं ओळखणं, सगळं. वस्तू इतक्या स्वस्त होतील की कुणाला कशाची कमतरताच पडणार नाही. मग पैसा हवाच कशाला? आणि पैसा नाही म्हटल्यावर हावही संपली!’

मी एका बँकेत छत्तीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. अंगठ्याला नोटांचा आणि ओल्या स्पंजचा वास कायमचा चिकटलेला. नातवाने माझ्या जन्मभराच्या कामावर चहाच्या एका कपात पाणी सोडले, याची मला गंमत वाटली. तो म्हणतो त्यातली पहिली अर्धी गोष्ट मला पटते. वस्तू स्वस्त होतात, मुबलक होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुसऱ्या अर्ध्या गोष्टीविषयी मात्र मला शंका आहे.

मुबलकता आली की वस्तूचा मान कसा उतरतो, याचे उत्तम उदाहरण आपल्या बेळगावकरांच्या दाराशीच आहे. पूर्वी आपण ज्याला ‘इंडाल’ म्हणत असू, तो आता हिंडाल्कोकडे असलेला कारखाना बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या आधीची पांढरी पूड, बनवण्यासाठी उभा राहिला. हे अ‍ॅल्युमिनियम दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी राजेमहाराजांचा धातू होता. मातीत ते भरपूर होते, पण मातीतून सोडवून काढणे फार अवघड. १८५० च्या सुमारास त्याचा भाव सोन्याच्याही वर होता. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन आपल्या खास पाहुण्यांना अ‍ॅल्युमिनियमचे काटे-चमचे देई आणि बाकीच्यांना सोन्याचे, अशी दंतकथा सांगतात. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मारकावर १८८४ साली टोक बसवले तेही अ‍ॅल्युमिनियमचे. पुढे दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना माहीत नसताना, विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा करण्याची रीत शोधली. भाव कोसळला. आपल्याकडे तो पोहोचला तोवर त्याची ‘जर्मनची भांडी’ झाली होती. लग्नात मुलीला तांब्या-पितळेची भांडी देत, जर्मनची नव्हे. बोहारणीलाही जर्मनचे भांडे द्यायला हात आखडत नसे.

त्याच धातूची आपल्या सरकारने नाणीही पाडली. १९६४-६५ पासून एक, दोन आणि तीन पैशांची अ‍ॅल्युमिनियमची नाणी आली, मग पाच आणि दहा पैशांची. हातात घेतली तर वजन जाणवायचे नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ती पोत्यांनी मोजली आहेत. हळूहळू त्यांना कुणी विचारेनासे झाले. रस्त्यात पडलेले दहा पैसे उचलायला लहान मूलही वाकेना. शेवटी २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ज्या धातूचा राजाला गर्व होता, तो भिकाऱ्याच्या वाटीतूनही बाहेर पडला.

पण माझ्या काउंटरवर मी आणखी एक गोष्ट पाहत होते. लग्नसराई सुरू झाली की लोक माझ्याकडे एकेक रुपयाची नाणी मागायला येत. दोन मिनिटांसाठी का होईना, व्यवस्थापकांची ओळख सांगत. हे हवे कशाला? तर आहेराच्या पाकिटाला लावायला. शंभरावर एक, पाचशेवर एक. त्या एका रुपयाला बाजारात काही मोल उरले नव्हते, पण तो नसेल तर आहेर अपुरा. मला तेव्हापासून वाटत आले आहे, की पैशाची एक किंमत त्याच्यावर छापलेली असते आणि दुसरी तो कुणी कुणाला कशासाठी दिला यात असते. पहिली महागाईने आणि सुबत्तेने उतरते. दुसरीला यांपैकी कशाचाच धक्का लागत नाही.

आता हावेकडे येते. वस्तू भरपूर झाली की हाव मरते का?

आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना एसटीडी बूथ आठवत असतील. रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून पुण्याच्या मुलीशी बोलायला आईवडील झोप आवरून बूथसमोर रांगेत उभे राहत. डोळा समोरच्या लाल आकड्यांवर आणि कान फोनवर. ‘बरी आहेस ना? जेवतेस ना? ठेवते,’ एवढ्यात वीस रुपये. आज बोलणे जवळजवळ फुकट झाले आहे, चेहराही दिसतो. फोटोचेही तसेच. छत्तीस फोटोंचा रोल लग्नाला दोन पुरत, आता बारशाला हजार निघतात. माझ्या नातवाच्या हिशोबाने या दोन गोष्टींची हाव केव्हाच संपायला हवी होती. प्रत्यक्षात काय झाले? फोटो फुकट झाल्यावर आपण तो किती जणांनी पाहिला हे मोजू लागलो. बोलणे फुकट झाल्यावर ऐकायला कुणाला सवड उरली नाही. हाव एका खोलीतून उठली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

जॉन मेनार्ड केन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९३० साली, ऐन मंदीत, आपल्या नातवंडांच्या काळाविषयी एक निबंध लिहिला. शंभर वर्षांनी पुढारलेल्या देशांतली सुबत्ता चौपट ते आठपट होईल आणि माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल, असा त्याचा अंदाज. त्या शंभर वर्षांची मुदत २०३० ला भरते. सुबत्तेचा अंदाज त्या देशांत बराचसा खरा ठरला. कामाचे तास मात्र पंधरावर आले नाहीत. गंमत म्हणजे याचे कारण त्याच निबंधात होते. माणसाच्या गरजा दोन प्रकारच्या, असे त्याने म्हटले होते. काही शेजाऱ्याकडे काहीही असले-नसले तरी आपल्याला लागणाऱ्या, आणि काही केवळ शेजाऱ्यापेक्षा वर असावे म्हणून लागणाऱ्या. पहिल्या भरून येतात. दुसऱ्यांना तळ नाही, कारण शेजारीही वर चढत असतो.

फ्रेड हर्श या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये हाच धागा पुढे नेला. काही गोष्टी कितीही यंत्रे लावली तरी वाढवता येत नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्यासाठी लांब जायला नको. साड्या कितीही विणता येतील, पण टिळकवाडीत रस्त्याला लागून असलेला कोपऱ्यावरचा प्लॉट एकच. वर्गात मुले साठ असोत की सहाशे, पहिला नंबर एकच. आणि आई एकच. हे शेवटचे हर्शने लिहिलेले नाही, मी माझ्या पदरचे जोडते आहे. त्याला कारण आहे.

माझे आजोळ सौंदत्ती तालुक्यातले, कन्नड बोलणारे. आई तिघी बहिणींतली मधली. थोरल्या दोड्डव्वा, धाकट्या चिगव्वा. १९९८ साली अज्जी वारल्या. वाटणीची वेळ आली तेव्हा भांडण होण्याजोगे काही नव्हते. जमीन आधीच मामांच्या नावे झाली होती, सोने थोडे होते ते अज्जींनी स्वतःच जिवंतपणी वाटले होते. मावश्या दोघी खाऊनपिऊन सुखी. एकीचा मुलगा डॉक्टर, दुसरीचे यजमान मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. राहिले होते अज्जींचे न्हाणीघरातले तांब्याचे हंडे. बाहेरून काजळीने काळे, आत चिंचेने घासून लखलखीत. त्यावरून दोघी बहिणींचे बोलणे बंद झाले.

दोघींच्याही घरी गिझर होता. त्या हंड्याखाली जाळ घालायला जागाही कुणाकडे नव्हती. माझ्या मामेभावाने व्यवहारी तोडगा काढला. तेवढ्याच वजनाचे, तसेच नवे हंडे तांबटाकडून घडवून देतो, एक जुने घ्या, एक नवे. दोघींनीही नाही म्हटले. माझ्या आईला विचारले तर ती म्हणाली, ‘ननग साकप्पा,’ मला पुरे बाबा, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. हंडे धाकटीकडे धारवाडला गेले आणि माळ्यावर जाऊन बसले. थोरलीने त्या घराची पायरी चढणे सोडले. कार्याला दोघी येत, पण पंगतीत वेगवेगळ्या ओळींत बसत. लोकांना वाटे, किती लोभी या बायका, तांब्याच्या तुकड्यासाठी! मला तसे वाटले नाही. तांब्याचा लोभ असता तर नवे हंडे चालले असते. लहानपणी त्या हंड्यातून आई आधी कुणाला न्हाऊ घालत असे, त्याचा तो हिशोब साठ वर्षे राहून गेला होता. जी गोष्ट कुठलाही कारखाना घडवू शकत नाही आणि कुठलीही नोट विकत घेऊ शकत नाही, तिच्यासाठी भांडण सर्वांत चिवट असते.

२०११ मध्ये दोड्डव्वा गेल्या. निरोप मिळताच चिगव्वा धारवाडहून जीप करून आल्या. मागच्या सीटवर हंडे होते. कुणाशी काही न बोलता त्यांनी परसात तीन दगड मांडले, हंडे चढवले, पाणी भरले आणि स्वतः जाळ घातला. बहिणीला शेवटचे न्हाऊ त्याच पाण्याने घातले. जाताना हंडे परत नेले नाही. ते आजही थोरलीच्या सुनेकडे आहे. चिगव्वा त्या दिवशी मला एवढेच म्हणाल्या, ‘साकात,’ पुरे झाले. तेरा वर्षे उशीर झाला, हे त्यांनाही कळत होते.

म्हणून मी नातवाला सांगितले, की तुझी यंत्रे हंडे हजारांनी घडवतील, पण हा तंटा त्यांना सोडवता यायचा नाही. उलट बाकी सगळे भरपूर झाले, की माणसे अशाच न वाढणाऱ्या गोष्टींभोवती गर्दी करतील. तिथे पैसा चालला नाही तर दुसरे काही चलन काढतील. ओळख, वशिला, मान, किती लोक आपल्याला ओळखतात त्याचा आकडा. आताही काढले आहेच.

मात्र या बोलण्यात एक धोका आहे. आपण पोटभर जेवलेली माणसे ‘साकु’चे गोडवे गायला लागलो, की अजून ज्यांच्या पानात काही पडले नाही त्यांनाही तेच शिकवू लागतो. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंनी एकदा मला गप्प केले होते. महागाईवर मी काहीतरी उपदेशपर बोलले असेन. त्या म्हणाल्या, ‘बाई, पुरे म्हणाया आधी वाढाया तरी पायजे की हो.’ याला उत्तर नाही. पंगतीचा नियमही तोच आहे. शेवटच्या पानापर्यंत एकदा वाढून झाल्याशिवाय पहिल्याला आग्रह करायचा नसतो. हाव आणि गरज यांतला फरक पैशाच्या रकमेवरून कळत नाही. दोन हजार रुपये एका घरी हॉटेलचे बिल असते, तर दुसऱ्या घरी महिन्याचे औषध.

दोन हजारांवरून आठवले. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ मध्ये गृहलक्ष्मी योजना सुरू झाली, घरातल्या कर्त्या बाईच्या नावे दरमहा दोन हजार रुपये देणारी. योजना योग्य की अयोग्य यावर कट्ट्यांवर पुष्कळ वाद झाले. त्या वादात न पडता मला २०२४ मधली एक बातमी सांगायची आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या आजींनी या योजनेचे साठलेले पैसे काढले आणि गावाला होळिगेचे जेवण घातले. बातमी वाचून आमच्या ओळखीतले काही जण हळहळले, ‘बँकेत ठेवले असते तर व्याज आले असते.’ मी बँकेतली असूनही मला तसे वाटले नाही. आयुष्यभर ज्या दुसऱ्यांच्या पंगतीत जेवल्या असतील, त्यांना एकदा यजमानीण होता आले. त्या पैशांचे यापेक्षा मोठे व्याज कुठल्या ठेवीवर मिळाले असते, मला सांगता येणार नाही.

भरपूर संपत्ती आली तर काय करायचे, याचे उत्तर आपल्याकडे दसऱ्याच्या गोष्टीत फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त ती पाचव्या सर्गात येते. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागायला रघुराजाकडे येतो. राजाने यज्ञात सर्वस्व दान केलेले, पाहुण्याच्या स्वागतालाही मातीचे भांडे. तो कुबेरावर चाल करायचे ठरवतो आणि त्याच रात्री खजिन्यात सोन्याचा पाऊस पडतो. लोककथेत तो गावाबाहेरच्या झाडावर पडतो. राजा म्हणतो, सगळे तुझेच, घेऊन जा. कौत्स म्हणतो, मला चौदा कोटीच हवे होते. त्यावर एक नाणे नको. एकाला मागितल्यापेक्षा जास्त द्यायचे आहे आणि दुसऱ्याला लागते त्यापेक्षा जास्त घ्यायचे नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला चौदा कोटींचा आकडा फार मोठा वाटे. आता वाटते, आकडा लहान की मोठा हा मुद्दाच नव्हता. कौत्साकडे आकडा होता, आणि सोन्याचा पाऊस पडल्यावरही तो बदलला नाही. काउंटरवर मी लखपती पाहिले, पुढे कोट्यधीशही पाहिले. आकडा ठरवून आलेला माणूस मला क्वचितच भेटला.

त्या गोष्टीची आठवण म्हणून आपण सोने वाटतो. मराठी घरांत आपट्याचे पान, कन्नड घरांत बन्नीचे, म्हणजे शमीचे. आमच्या घरात दोन्ही असतात. ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणायचे आणि ‘बन्नी तगोंडु बंगारदांग इरोणु’ असेही म्हणायचे. मला हे जगातले सर्वांत शहाणे चलन वाटते. एका संध्याकाळपुरते चालते. साठवले तर दुसऱ्या दिवशी वाळून जाते. त्याचे मोल दिल्यानेच तयार होते. बोलणे बंद असलेल्या घरी जायला ते वर्षातून एकदा निमित्तही देते.

आणि या पानालाही आपली हाव सुटली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात फांद्यांचे भारेच्या भारे येतात, आपटा पुरत नाही म्हणून कांचनाची पाने आपटा म्हणून विकली जातात, आणि संध्याकाळनंतर ती रस्त्यावर तुडवली जातात. जे चलन कधी कमी पडणार नव्हते, त्याची टंचाई आपणच करून ठेवली. मी गेली काही वर्षे घरात एक रीत पाडली आहे. आणायची ती मोजून पाने, आणि त्यातले पहिले पान ज्याच्याशी वर्षभरात बिनसले त्याच्या घरी. काही घरी दार उघडायला वेळ लागतो. पण अजून तरी कुणी पान परत केलेले नाही.